पाटी कंपनीची, जबाबदारी कोणाचीच नाही

पोस्ट जरा लांब आहे, पण लग्न-मुंजीचे मुहूर्त आले की पाहुण्यांसाठी खोल्या सगळ्यांनाच बघाव्या लागतात, म्हणून लिहितोय.

मी मूळचा परभणीचा. १९७९ मध्ये बँकेच्या बदलीवर चिक्कडपल्लीत आलो आणि इथलाच झालो. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता, त्यामुळे आपल्यापैकी अनेकांचे निम्मे नातेवाईक तिकडे, निम्मे इकडे. काचीगुडा स्टेशनवर पाहुणे उतरवून घेणं हे आपलं जन्माचं काम.

गेल्या वैशाखात नातवाची मुंज झाली. परभणीहून माझी आक्का (वय ७९), दाजी (वय ८३) आणि आणखी चौघे येणार होते. आमचा फ्लॅट दोन बेडरूमचा. मुलगा म्हणाला, "बाबा, मागच्या रस्त्यावरच्या लॉजला त्या मोठ्या कंपनीची पाटी लागलीय. मोबाईलवर बुक करून टाकतो." तीन खोल्या, दोन रात्री, खोलीला १,८०० रुपये. १०,८०० आधीच भरले. लिफ्ट, गरम पाणी, एसी सगळं लिहिलेलं होतं.

सकाळी मंडळी घरी आली, चहा-आंघोळी झाल्या, आणि बारा वाजता, म्हणजे त्यांच्याच वेळेला, आम्ही लॉजवर गेलो. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "साब, कंपनी के रेट पे नक्को. कंपनी हमारे कू पैसे देतीच नै." रोज खोलीमागे ८०० जादा, तेही रोख. घरात उद्याची मुंज, दाजी खुर्चीत घाम पुसत बसलेले. ४,८०० मोजून दिले. पावती मागितली तर कोऱ्या चिठ्ठीवर आकडा लिहून दिला. आयुष्यभर व्हाउचर तपासलेल्या माणसाला!

खोल्या तिसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट बंद. एसीचं पाणी गादीवर ठिबकत होतं. गरम पाणी खालून बादलीने आणायचं. कंपनीला फोन लावला तर म्हणे, "सर, तुमचा तिकीट नंबर घ्या, आम्ही प्रॉपर्टी पार्टनरशी बोलतो." पार्टनर माझ्यासमोर उभा, आणि तो म्हणतो कंपनीला विचारा!

दाजींचा गुडघा त्या जिन्यांनी असा सुजला की संध्याकाळच्या भिक्षावळीला ते येऊ शकले नाहीत. नातवाला पहिली भिक्षा त्यांच्या हातून मिळावी अशी आक्काची फार इच्छा होती.

माझा पुतण्या म्हणतो, "काका, अठराशेत आणखी काय मिळणार?" मला हे पटत नाही. मी चैन मागितली नव्हती, जे लिहिलं होतं तेवढंच मागितलं होतं. हाच लॉज जुन्या नावाने असता तर मी आधी चालत जाऊन खोली बघितली असती. घरापासून दहा मिनिटांवर तर आहे. मोठी पाटी बघून मी गेलो नाही. कंपनी जे विकते ते हेच, की "बघायला जायची गरज नाही." आणि नेमकं त्याचंच उत्तर द्यायला ती तयार नाही.

साखळी हॉटेलांची कल्पना मुळात अशाच एका मनस्तापातून पुढे आली. १९५१ साली अमेरिकेतला केमन्स विल्सन हा बिल्डर बायको आणि पाच मुलांना घेऊन प्रवासाला निघाला. वाटेतले मोटेलवाले प्रत्येक मुलाचे दोन डॉलर जादा घेत. वैतागून त्याने १९५२ मध्ये मेम्फिसला पहिलं हॉलिडे इन काढलं. मुलांचे जादा पैसे नाहीत, आणि पुढे शाखा वाढल्या तरी सोयी सगळीकडे सारख्या. आपल्याकडे आता पाटी तेवढी सारखी राहिली.

आमच्या बँकेचं उदाहरण देतो. परभणी शाखेने काढलेला ड्राफ्ट हैदराबादच्या काउंटरवर आला की आम्ही पैसे द्यायचो. छोट्या रकमेचा ड्राफ्ट 'अ‍ॅडव्हाइस आली नाही' म्हणून परत करायची सोय नव्हती. दोन शाखांचा हिशेब नंतर आपापसात जुळवायचा, ती ग्राहकाची डोकेदुखी नव्हे. बी.कॉम.ला आम्ही १८७२ चा करार कायदा शिकलो. त्याचं कलम २३७ सांगतं की एजंटला अधिकार आहे असा समज मालकाने आपल्या वागण्याने करून दिला असेल, तर एजंटच्या व्यवहाराला मालक बांधील. पाटी कंपनीची, पैसे घेतले कंपनीने, मग 'आम्ही फक्त मध्यस्थ' हे कुठलं?

मी सोडलं नाही. आधी ५०० रुपयांचं कूपन पाठवलं, 'पुढच्या मुक्कामासाठी'! मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ वर तक्रार नोंदवली. चोवीस दिवसांनी ४,८०० खात्यात आले. माफीचा शब्द नाही.

तेव्हा मंडळी, पाटी कितीही मोठी असो, खोली स्वतः बघून या, लिफ्टसकट. आदल्या दिवशी लॉजवर फोन करून बुकिंग मानतात का ते विचारा. लिहिलेल्या सोयींचा स्क्रीनशॉट ठेवा. पावतीशिवाय रोख देऊ नका, मी दिले ते चुकलंच. हेल्पलाइनवर काम झालं नाही तर २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

एक हिशेब मात्र अजून जुळलेला नाही. निघताना काचीगुड्याला आक्का म्हणाली, "अरे, तुझ्या घरी सतरंजीवर झोपलो असतो की आम्ही." १९८५ साली थोरल्या मुलाच्या बारशाला दोन खोल्यांत आम्ही सतरा जण झोपलो होतो, तिला ते आठवत होतं. लॉज फसवा निघाला हे खरं. पण आक्काला तिथे पाठवलं मीच, आणि त्याची तक्रार १९१५ वर करता येत नाही.

तुमचे अनुभव जरूर लिहा.