काडतूस बसते, म्हणून चालते?

आजोबांच्या पेटीत सापडलेल्या रिव्हॉल्व्हरमध्ये आज दुकानात मिळणारे अधिक जोरकस काडतूस घालावे की नाही, यावर अमेरिकेतील बंदूकधारी नागरिकांत वर्षानुवर्षे वाद चालू आहे. वरकरणी हा छंदिष्टांचा वाद वाटतो. वस्तुतः त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न कोणत्याही ग्राहकाच्या जिव्हाळ्याचा आहे. एक वस्तू दुसरीत बसते, एवढ्यावरून ती तिच्यासाठीच आहे असे मानावे काय? आणि तसे मानून फसणाऱ्याला सावरण्याची जबाबदारी कोणाची?

घोडा पडला की काडतुसातील दारू क्षणार्धात वायुरूप होते आणि तिचा दाब फिरत्या सिलिंडरमधील एका कप्प्याच्या भिंतींवर येतो. सिलिंडर नेमक्या जागी अडकावा म्हणून त्याच्या बाहेरच्या अंगाला ज्या खाचा पाडतात, त्या अनेक सहाबारी रिव्हॉल्व्हरांत कप्प्याच्या बरोबर वर येतात. म्हणजे पोलाद जिथे जाड हवे, तिथेच ते पातळ. त्यातच विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक सिलिंडरांच्या पोलादावर पुढे रूढ झालेले उष्णसंस्कार झालेले नव्हते. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या सुप्रसिद्ध रिव्हॉल्व्हरला धूरविरहित दारूची हमी मिळाली ती १९०० साली. तत्पूर्वीची हत्यारे काळ्या दारूसाठी होती. बाह्यरूप मात्र जवळजवळ तेच राहिले. डोळ्यांना फरक दिसत नाही, ही या प्रश्नातील खरी मेख आहे.

‘.३८ स्पेशल’ या लोकप्रिय काडतुसाची दाबमर्यादा प्रतिचौरस इंच १७,००० पौंड. १९३० च्या सुमारास स्मिथ अँड वेसन कंपनीच्या एका जड रिव्हॉल्व्हरसाठी त्याच लांबीचे, पण अधिक जोरकस काडतूस निघाले. ते हलक्या, जुन्या रिव्हॉल्व्हरांतही बिनबोभाट शिरे. १९३५ साली ‘.३५७ मॅग्नम’ आले, तेव्हा त्याची नळकांडी सुमारे एक अष्टमांश इंचाने मुद्दाम लांब ठेवण्यात आली. आज या काडतुसाची दाबमर्यादा ३५,००० पौंड आहे, पण ‘.३८ स्पेशल’च्या रिव्हॉल्व्हरात ते पुरते बसतच नाही. एवढ्याशा धातूने जे साधले, ते कोणत्याही सूचनापत्रकाला साधणार नाही. घाईत असलेला, अर्धशिक्षित किंवा बेफिकीर मालकही त्यामुळे वाचतो.

हा धडा मात्र पुढे गिरवला गेला नाही. १९७४ साली ‘प्लस पी’ ही वाढीव दाबाची श्रेणी रूढ झाली. आज तिची मर्यादा २०,००० पौंड, म्हणजे मूळच्यापेक्षा सुमारे अठरा टक्के अधिक आहे. लांबी तीच, जाडी तीच. फरक काय तो बुडावरील ठशाचा. क्रमांकित मॉडेल नसलेल्या आपल्या जुन्या रिव्हॉल्व्हरांत हे काडतूस वापरू नये, असे स्मिथ अँड वेसन सांगते. पण वारसाहक्काने आलेल्या हत्याराबरोबर सूचनापुस्तिका क्वचितच येते.

“आम्ही शेकडो बार काढले, काही झाले नाही,” हा यावरचा नेहमीचा युक्तिवाद. तो खोटा नाही. अठरा टक्क्यांच्या वाढीने सुस्थितीतील पोलाद सहसा एका बारात फुटत नाही; आधी सांधे सैल होतात, झीज वाढते. परंतु धातू थकत जातो, आणि काल सोसलेला ताण उद्याची हमी देत नाही. शिवाय अनुभव सांगायला येतात ते बहुधा ज्यांचे निभावले तेच.

अर्थशास्त्राच्या दृष्टीने याहून बोलके उदाहरण ब्रिटिश ‘वेब्ली’चे आहे. हे रिव्हॉल्व्हर पारतंत्र्याच्या काळात हिंदुस्थानातील गोऱ्या अधिकाऱ्यांच्या कमरेला असे. दुसऱ्या महायुद्धानंतर फौजेने मोडीत काढलेले वेब्ली अमेरिकेत स्वस्तात विकले गेले. पण त्यांचे .४५५ काडतूस तिथे दुर्मिळ, तर अमेरिकी फौजेचे .४५ काडतूस मुबलक. तेव्हा सिलिंडरची मागची बाजू कापून त्यात .४५ बसवण्याची युक्ती निघाली. मूळ दाब १३,००० पौंडांच्या आसपास, नव्याची मर्यादा २१,०००. हत्यार खपले, विक्रेत्याचा माल उठला. तडकलेल्या सिलिंडरांचा भुर्दंड ग्राहकाच्या बोटांवर आणि शेजारी उभ्या असलेल्याच्या डोळ्यांवर आला. विक्रेत्याला जे ठाऊक असते ते ग्राहकाला नसते, आणि किंमत या अज्ञानाची नोंद घेत नाही.

अशा वेळी शासनाने मध्ये पडावे, ही अपेक्षा स्वाभाविक होय. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या सुरक्षिततेसाठी १९७२ च्या कायद्याने आयोग नेमला गेला खरा. पण बंदुका त्याच्या कक्षेबाहेर राहिल्या, आणि १९७६ च्या दुरुस्तीने काडतुसांवर निर्बंध घालण्याचा मार्गही बंद झाला. खेळण्याच्या सुट्या भागाची चौकशी करणाऱ्या या आयोगाला काडतुसाकडे पाहण्याची मुभा नाही! दाबाच्या मर्यादा ठरवते ती १९२६ साली स्थापन झालेली उत्पादकांचीच संस्था, आणि त्या पाळणे ऐच्छिक आहे.

वेब्ली ज्या बर्मिंगहॅममध्ये घडले, तिथली रीत वेगळी आहे. ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यानुसार बंदुकीची नळी वाढीव दाबाच्या बाराने तपासून तिच्यावर ठसा उमटवल्यावाचून ती विकता येत नाही, आणि हत्यार कमकुवत करणारा फेरफार झाल्यास पहिला ठसा रद्दबातल ठरतो. ‘प्लस पी’ची लांबी आता बदलणे अवघड आहे, तशी काडतुसे घरोघर पोचली आहेत. पण जुने रिव्हॉल्व्हर विकणाऱ्याने त्याची तपासणी करवून कोणत्या दाबापर्यंत ते चालेल हे हत्यारावरच कोरून द्यावे, एवढी सक्ती अमेरिकेतील राज्यांना आजही करता येईल. तिचा खर्च विक्रेत्यावर पडेल आणि जुनी हत्यारे थोडी महाग होतील, ती व्हावीत.