उसनी बॅट

क्रिकेटवाल्यांनो, आज जरा बेसबॉल. घाबरू नका, नियम विचारणार नाही!

साल 1978. बॉस्टनची रेड सॉक्स आणि न्यूयॉर्कची यांकीज, पिढीजात हाडवैर. जुलैत यांकीज तब्बल 14 गेम मागे. सीझन खल्लास! पण सप्टेंबरात त्यांनी बॉस्टनला मागे टाकलं. बॉस्टननेही शेवटच्या आठही मॅचेस मारून बरोबरी साधली. 162 मॅचेसनंतर दोघांचे विजय 99. मग 2 ऑक्टोबरला बॉस्टनच्याच फेनवे पार्कवर फैसल्याची एक मॅच.

सातव्या इनिंगमध्ये बॉस्टन 2-0 पुढे. बेसवर यांकीजचे दोघं उभे आणि बॅटिंगला बकी डेंट. नवव्या नंबरचा गडी, अख्ख्या सीझनमध्ये होमरन फक्त 4. त्यात स्वतःच्याच बॅटला लागलेला बॉल पायावर आदळून बिचारा लंगडतोय. तेवढ्यात मिकी रिव्हर्सच्या लक्षात आलं, याची बॅट तडकलीय. दुसरी दिली. पुढच्याच बॉलला डावीकडची 37 फुटी भिंत पार! (तीन मजली बिल्डिंग म्हणा ना.) 3 रन्स. शेवटी यांकीज 5-4ने जिंकले. आणि बॉल टाकणारा माइक टॉरेझ? आदल्या वर्षी तो यांकीजकडूनच खेळत होता!

बॉस्टनमध्ये डेंटचं नाव आजही मधे एक कचकचीत शिवी घालूनच घेतात.