विश्लेषण : गायरान चरण्यानं संपत नाही, सवड न मिळाल्यानं संपतं

मृगाचा पाऊस पडला की आठवडाभरात माळ हिरवा दिसायला लागतो. उन्हाळाभर कडब्यावर काढलेली जनावरं लगेच गायरानात सुटतात. त्यात कुणाला दोष देता येत नाही, कारण कडबा संपलेला असतो आणि पेंड परवडत नाही. पण माळाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते नेमकं याच दिवसांत.

संयुक्त राष्ट्रांनी 2026 हे वर्ष चराऊ कुरणं आणि पशुपालकांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केलंय. आपल्या दुष्काळी तालुक्यांत मात्र ग्रामसभेतला वाद जुनाच आहे. एक बाजू म्हणते, चराई पूर्ण बंद करा. दुसरी म्हणते, मग शेरडं-मेंढरं न्यायची कुठं? त्यात बऱ्याच गावांत गायरानाची जमीन सौर प्रकल्पांना जातेय. राहिलेल्या माळावर ताण वाढणारच. म्हणून गवत आणि झुडपं चराईला कसं तोंड देतात, हे आधी समजून घेऊ.

गवताचा डोळा जमिनीलगत

ऊस तोडल्यावर खोडवा का फुटतो? कारण फुटव्याचे डोळे बुडाशी असतात. ऊससुद्धा गवतच. मारवेल, पवना, कुसळी यांचंही तसंच. जनावरानं वरचं पान खाल्लं तरी वाढीचा डोळा खाली शाबूत असतो. म्हणून एकदा चरल्यानं गवत मरत नाही.

पण पहिल्या पावसातलं पहिलं पान हे मुळाशी साठवलेल्या अन्नावर येतं. ते पान मोठं होऊन कमवायला लागलं की साठा परत भरतो. त्याआधीच ते खुडलं गेलं तर गवताला दुसरं पानही त्याच साठ्यातून काढावं लागतं. तिसऱ्यांदा खुडलं, तर साठाच संपतो. पेरणीचं बियाणं खाऊन टाकल्यासारखी गत होते.

अमेरिकेत 1955 साली याबाबतचे प्रयोग प्रसिद्ध झाले. गवताचा निम्मा पाला कापला तर मुळांची वाढ जवळपास चालूच राहिली. 80 टक्के कापला तेव्हा मात्र मुळं वाढायची पूर्ण थांबली, आणि ती लगेच परत वाढीला लागली नाहीत. आपल्याकडे याचा फटका पावसाच्या खंडात बसतो. मूळ आखूड राहिलेलं गवत पंधरा दिवसांच्या उघडिपीत वाळून जातं.

आधी चांगलं गवत जातं

जनावर निवडून खातं. मारवेल आणि पवना गोड, म्हणून त्यांच्यावर पहिला घाला. ते हटले की कुसळीचं राज्य येतं. कुसळी कोवळी असताना जनावर खातं, पण कुसळं धरली की ती तोंडाला टोचते, मेंढीच्या लोकरीत अडकते. त्यानंतर येतात तरवड, रुई, गाजर गवत. यांना जनावर सहसा तोंड लावत नाही. लांबून माळ हिरवा दिसतो, पण त्यात चारा नसतो.

कोणतं जनावर चरतंय यावरही बरंच ठरतं. गाय-बैलांना वरचे पुढचे दात नसतात. ते जिभेनं गवत वेढून ओढतात, त्यामुळे बुडाशी थोडं उरतं. मेंढीचा ओठ चिरलेला, ती पार जमिनीलगत खाते. शेळीला झुडपाचा पाला जास्त आवडतो.

झुडपाची रीत वेगळी

झुडूप वाढतं शेंड्याकडून. शेळीनं शेंडा खुडला की बाजूचे डोळे फुटतात, जसे तुरीचे शेंडे खुडल्यावर फांद्या वाढतात. म्हणून सारखी खाल्लेली बोर उंच न होता गच्च, काटेरी जाळी होते. आफ्रिकेतल्या बाभळींवरच्या अभ्यासात तर खुडल्या जाणाऱ्या फांद्यांवर काटे लांब येतात असं दिसलंय. वेड्या बाभळीनं याच्या पुढची सोय केली आहे. तिचा पाला जनावर टाळतं, शेंगा मात्र आवडीनं खातं आणि शेणातून बी माळभर पेरतं.

कायमची बंदीही उपाय नाही

मग गायरान कायमचं बंद करावं का? उजाड झालेल्या माळाला काही वर्षं विसावा लागतोच. राळेगणसिद्धी, हिवरे बाजार या गावांनी चराईबंदीतून फायदा घेतलाय. पण हिवरे बाजारात गवत विळ्यानं कापून न्यायला मुभा होती, हे आपण विसरतो. गवत ना चरलं, ना कापलं, तर वाळलेला थर साचतो. खालच्या फुटव्याला ऊन मिळत नाही, झुडपं वाढतात आणि उन्हाळ्यात एका काडीनं सगळा माळ पेटतो.

गावाला काय करता येईल?

गायरानाचे तीन-चार भाग पाडा. पहिल्या पावसानंतर निदान एक भाग महिना-दीड महिना पूर्ण बंद ठेवा. दरवर्षी एखादा वेगळा भाग बी पडेपर्यंत राखा आणि मग कापा किंवा चारा. बाकी भागांत चार बोटं गवत उरलं की कळप पुढं हलवा. वेडी बाभूळ शेंगा धरायच्या आधी काढा.

फिरते मेंढपाळ पूर्वीपासून हेच करत आलेत. कळप चालता असला की मागच्या माळाला आपोआप सवड मिळते. वाटा अडल्या आणि कळप एकाच जागी अडकला, की तीच मेंढरं माळाला जड होतात.

यात एक गोष्ट विसरून चालणार नाही. ज्यांच्याकडे शेत नाही, फक्त दोन शेळ्या आहेत, त्यांच्यासाठी गायरान हाच गोठा आणि हीच बँक. एक भाग बंद करताना त्यांच्या शेळ्या त्या दीड महिन्यात कुठं चरतील, हे त्याच ग्रामसभेत ठरवायला हवं. ते ठरलं नाही तर रात्री कुंपण तुटणार आणि नियम कागदावरच राहणार.