टेलच्या माणसाची पाळी कधी?



या पानावर आम्ही एरवी बेणे प्रक्रिया, खोडव्याचे खत, पाचट न जाळता सरीत कसे ठेवावे, असे विषय मांडतो. या वेळचा विषय निराळा आहे. पण उसाशी त्याचा संबंध नाही असे कोणी समजू नये.

गेल्या महिन्यात आडसाली लागणीच्या नोंदी घेण्यासाठी आम्ही ओढ्यापलीकडच्या एका वाडीवर गेलो होतो. वाडीचे नाव लिहीत नाही. आपल्या कार्यक्षेत्रात अशा वाड्या एक सोडून चार आहेत. मोटारसायकल अलीकडे लावली आणि चपला हातात घेऊन ओढा ओलांडला. वाडीच्या तोंडाशीच बाभळीला पत्र्याची पाटी टांगलेली. तिच्यावर चुन्याने लिहिले होते, ‘रस्ता नाही, मत नाही. पुढाऱ्यांनी येऊ नये.’ आणि खाली कोणीतरी बारीक अक्षरांत भर घातली होती, ‘कारखान्यानेसुद्धा.’

खरे सांगायचे तर तो शेवटचा शब्द आम्हाला लागला.

नोंदी झाल्या, चहा आला. एका वयस्कर सभासदाने विषय काढला. “साहेब, आमची मतं दोनशे साठ. गावाची तीन हजार. आमच्यासाठी टायर कोण झिजवंल? निवडणूक आली की गावात रात्र-रात्र बैठका. आमच्याकडं एक जीप येती, भोंगा वाजिवती आन् ओढ्यावरनंच वळून जाती.” त्यांच्या कारभारणी आतून म्हणाल्या, “सुनेला बाळंतपणाला न्यायची तर घोंगड्याची झोळी करून पाण्यातनं नेली. नात झाली. आता मी ठरिवलंय, हिला रस्त्याच्या गावात द्यायची. बाकी काय बघायचं नाही.”

यावर काय बोलावे? आम्ही चहाची कपबशी खाली ठेवली.

वाडीचे वाईट व्हावे असे कोणी ठरवून करतो, असे आम्हाला वाटत नाही. करते ते माप. २००० साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना सुरू झाली. चांगली योजना, तिने कितीतरी गावे सडकेला जोडली. पण सपाट मुलखात तिचे माप ५०० लोकवस्तीचे. ज्या वाडीत साडेतीनशे माणसे, ती यादीतच बसत नाही. २०१५ पासून वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीला येऊ लागला, ‘आमचा गाव, आमचा विकास’ म्हणून आराखडे झाले. पण आमचा गाव म्हणजे कोणाचा? वाडी गावाच्या एका आळीला जोडून प्रभाग केलेला, सदस्य आळीतला. आराखड्याच्या सभेला वाडीचे कोण होते, असे विचारले, तर उत्तर आले, “निरोपच नाही आला.”

आता स्वतःकडे बघू. तोडणी लागणीच्या तारखेप्रमाणे, हा आपला नियम. पण गेल्या हंगामात याच वाडीची जुलैची लागण सतराव्या महिन्यात तुटायला हवी होती, ती विसाव्या महिन्यात तुटली. उसाला तुरे आले, दशी पडली, वजन घटले. कारण काय? मुकादमाला ओढा नको होता, ट्रॅक्टरवाल्याला दोन ट्रॉल्यांची वाट नव्हती, आणि गट ऑफिसला वाडीच्या वतीने फोन करणारा कोणी नव्हता. रस्त्याकडेचा मोठा सभासद दिवसातून तीनदा फोन करतो, त्याचा ऊस तारखेला जातो. ही चूक आमच्या खात्याची आहे. ती आम्ही इथे छापून ठेवतो, म्हणजे पुढच्या वर्षी विसरायला नको.

मात्र बहिष्काराबाबत आमचे मत वेगळे आहे. पाऊस लांबला म्हणून रान पडीक टाकले तर पाऊस काही ओशाळत नाही. दोनशे साठ मते पडली नाहीत म्हणून कोणाची निवडणूक अडत नाही. उलट ओढा उतरायचे कष्टच वाचतात. हे आम्ही बोललो, तेव्हा ते सभासद म्हणाले, “मग इतकी वर्षं मत टाकलं, त्याचं काय झालं?” याचे उत्तर आमच्याकडे नव्हते. पण एक गोष्ट होती, ती सांगितली. मत पाच वर्षांतून एकदा असते, ग्रामसभा वर्षातून चार वेळा. ग्रामसभेची गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यांत जे कमी असेल ते. बऱ्याच गावांत ती भरत नाही. तीन हजारांच्या गावात वाडीची शंभर माणसे उठून गेली, तर गणपूर्ती त्यांचीच! ओढ्यावरच्या मोरीचा ठराव मग लिहून घ्यावाच लागतो. ठराव म्हणजे मोरी नव्हे, हे आम्हालाही कळते. पण ठरावाशिवाय कागद पुढे सरकत नाही.

कालव्यावर हा धडा आपण शिकलो आहोत. पाणी नुसते सोडले तर ते हेडलाच जिरते. म्हणून २००५ च्या सिंचन कायद्याने पाणी वापर संस्थांच्या संचालक मंडळात हेड, मधला भाग आणि टेल, तिघांनाही जागा दिल्या. आणि जिथे पाळी टेलकडून सुरू होते, तिथे शेवटचे रान भिजते. सहकाराची शिकवणही हीच. एकरभर उसाचा आणि पन्नास एकरांचा, दोघांनाही एकच मत. १९५० साली प्रवरेचा कारखाना उभा राहिला, तो याच तत्त्वावर.

म्हणून आम्ही लेखी सुचवले आहे की, येत्या हंगामात ओढ्यापलीकडच्या वाड्यांना बैलगाडीची स्वतंत्र टोळी द्यावी, आणि लागण तारखेची यादी प्रत्येक गट ऑफिसच्या फळ्यावर लावावी. मंजुरी आमच्या हातात नाही. वार्षिक सभेत सभासदांनी विचारले, तर जोर येईल. आणि वाडीकरांनी २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेला जावे, बायाबापड्यांसह जावे. झोळीची हकीकत त्या माउलीनेच उभे राहून सांगावी.

निघताना पाटी काढा असे आम्ही म्हणालो नाही. तो हक्क त्यांचा. पण तिच्यावरचा शेवटचा शब्द पुसण्याचे काम आपले आहे, आणि त्याला सरकारची मंजुरी लागत नाही.

आपला,
ऊस विकास अधिकारी