सोंग कोणाचे?

मुले मोबाईलवरच्या खेळात स्वतःला विसरली, असा ठराव हल्ली आमच्या मोहन्यात घरोघरी मंजूर झालेला दिसतो. पडद्यावरच्या त्या बाहुल्याला ‘मी’ म्हणणारा पोरगा म्हणजे कामातून गेला! मला हा ठराव मान्य नाही. आणि मोहनेकरांना तर तो मांडण्याचा अधिकारच नाही.

धारण केलेल्या रूपाशी माणूस एकजीव होतो, यात नवे ते काय? कोकणातला दशावतारी डोक्यावर मुकुट चढला की चालतोही राजासारखा. निक यी आणि जेरेमी बेलेन्सन या संशोधकांनी २००७ साली हेच प्रयोगाने दाखवले. संगणकाच्या मायासृष्टीत ज्यांना उंच रूप मिळाले, ते पैशाच्या वाटणीची घासाघीस करताना अधिक ताठ वागले. आपण रूप घडवतो, तसे रूपही आपल्याला घडवते.

आता मोहन्याचेच पाहा. येथला एन. आर. सी.चा रेयॉनचा कारखाना २००९ साली बंद पडला. तेव्हा पगार गेला, हे तर खरेच. पण ‘मी एनआरसीवाला’ म्हणून चारचौघांत उभे राहण्याचे रूपही गेले. त्याला कोणी सोंग म्हटले नाही. मग सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने पब्जीवर बंदी घातली, ३० ऑक्टोबरला तो खेळ देशात थांबला, आणि हौसेने नटवलेले रूप पोरांच्या हातून गेले, तेव्हा आपण हसलो ते कोणत्या तोंडाने?

कारखान्याने चूल पेटत होती, खेळाने पेटत नाही, असे कोणी म्हणेल. कबूल. दोन दुःखांचे वजन सारखे नाही. जातकुळी मात्र एकच.

माझे भांडण निराळ्या ठिकाणी आहे. दशावतारी पहाटे रंग पुसून मुकुट पेटाऱ्यात ठेवतो. तो पेटारा निदान त्याच्या मंडळीचा असतो. खेळातला पोशाख पोरगा रोख पैसे मोजून घेतो, पण मालकी कंपनीचीच. २०२१ साली हा खेळ नव्या नावाने परत आला, तेव्हा जुनी रूपे मिळाली तीही कंपनीच्या मर्जीने. कामगाराला संघटना होती, न्यायालयाची पायरी होती. या पोरांना काय आहे?

तेव्हा ‘खेळ सोड’ हा उपदेश आता पुरे. ज्यात तू इतका जीव ओतलास ते रूप कोणाच्या कुलपात आहे, हे विचारायला त्याला शिकवा. बंद कारखान्याच्या दारापुढे उभ्या राहिलेल्या गावाला हा प्रश्न दुसऱ्या कोणी शिकवायला नको.