अत्याचार करणाऱ्याला 'सायकोपॅथ' म्हणू नका

गावात जातीय अत्याचार झाला की दोन दिवसांत टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅपवर एक शब्द फिरू लागतो : 'सायकोपॅथ'. आपली पोरंही रागाच्या भरात तो पोस्टमध्ये टाकतात. आमचं स्पष्ट मत आहे, हा शब्द टाळा. तो आरोपीच्या गावाला आणि जातीला सोडवतो.

शब्दाचा अर्थ तरी पाहू. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ हर्वे क्लेक्ली यांनी १९४१ साली सायकोपॅथची लक्षणं मांडली. मनाची घालमेल, घबराट नसणं हे त्यातलं एक. १९५७ मध्ये डेव्हिड लिकेन यांनी प्रयोग केला. ठरावीक चूक केली की विजेचा झटका बसायचा. इतर लोक झटका टाळायला शिकले. क्लेक्लींच्या वर्णनात बसणारे फारसे शिकलेच नाहीत. पुढच्या संशोधकांनी भीती आणि चिंता या दोन गोष्टी वेगळ्या काढल्या. आघातातून घडलेला, चिंतेने पोखरलेला 'दुय्यम' प्रकारही मांडला गेला. वाद चालूच आहे, पण मूळ कल्पना बेफिकीर माणसाची आहे.

आता खैरलांजी आठवा. २९ सप्टेंबर २००६. एकाच कुटुंबातले चौघे जमावाने मारले. जमावातले सगळेच मनोरुग्ण होते का? त्या कुटुंबाकडे शेती होती, मुलगी शिकत होती. २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांच्या गाण्याच्या रिंगटोनवरून तरुणाचा जीव घेतला गेला. कुठे नवरदेव घोड्यावर बसला, कुठे पोराने मिशी ठेवली. या गोष्टींनी ज्याचं डोकं फिरतं तो बेफिकीर नाही. तो प्रचंड अस्वस्थ आहे. आपली पायरी सुटते की काय, ही चिंता त्याला खाते. ती त्याच्या मेंदूतला बिघाड नाही. घरात, पारावर, सोयरिकीत शिकवलेली आहे. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये हेच मांडलं : लोक जात पाळतात ते अमानुष आहेत म्हणून नव्हे, धर्माने शिकवलं म्हणून.

(आणि 'जन्मजात गुन्हेगार' ठरवण्याचा खेळ कोणावर उलटतो, हे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा भोगलेल्या भटक्या-विमुक्तांना विचारा.)

दुसरी चिंता फिर्यादीच्या घरात असते, तिच्यावर मात्र कोणी चर्चा करत नाही. आम्ही वस्त्यांवर काम करतो. केस उभी राहीपर्यंत त्या घरातली झोप उडालेली असते. पिठाची गिरणी बंद, मजुरी बंद, साक्षीदारावर दबाव. २०१५ च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात कलम १५अ आलं : पीडित आणि साक्षीदारांना संरक्षण, प्रवास व निर्वाहखर्च, आणि जामिनासह प्रत्येक सुनावणीची वेळेवर सूचना. कार्यकर्त्यांनो, पुढची पोस्ट टाकण्याआधी त्या कुटुंबाला एवढं विचारा : सुनावणीची नोटीस हातात आली का?