हप्त्यावरचा मोती

वसुबारसेला आमच्या घरी गाय नाही, गोठा तर नाहीच; तरी पाटावर मातीची गाय-वासरे मांडून आमच्या सौभाग्यवती त्यांना हळदकुंकू वाहतात. यंदा ते पाहता पाहता मला भाचीच्या मोतीची आठवण झाली आणि ऐन दिवाळीच्या तोंडी डोके तापले. वाचकांनी फराळाचे ताट क्षणभर बाजूला सारून माझे गाऱ्हाणे ऐकावे. चिवडा कुठे पळून जात नाही.

भाची कॅलिफोर्नियात असते. २०१६ साली मुलांना घेऊन ती कुत्र्यांच्या दुकानात गेली. धाकटीने एक पिल्लू मांडीवर घेतले आणि ते तिथेच झोपी गेले. झोपलेले पिल्लू लेकीच्या मांडीवरून उचलून परत देणारी आई अजून जन्माला यायची आहे, हे दुकानदारास पक्के ठाऊक होते. किंमत १,८०० डॉलर. "एकदम कशाला? दरमहा १५० द्या, २४ महिने," तो म्हणाला. सही झाली. वर्षभराने तिने कागद नीट वाचला, तेव्हा कळले की ते कर्ज नव्हतेच, तो भाडेकरार होता! मोती कंपनीचा, हिच्या घरी नुसता भाड्याने. ३,६०० डॉलर फेडून वर आणखी २५० मोजले, तरच तो हिचा. हप्ता थकला तर कंपनीने त्याला घेऊन जावे. तो मेला तरी उरलेले हप्ते सुटत नाहीत.

"मामा, धाकटीला काय सांगू? आपला मोती आपला नाही म्हणून?" तिने फोनवर विचारले. मी काय सांगणार, कपाळ!

यातली मेख अशी: कर्ज म्हटले की व्याजाचा दर उघड सांगावा लागतो, भाडे म्हटले की दर झाकता येतो. सावकारी तीच, फक्त टोपी बदलली.

यावर काही शहाणे विचारतात, शिकल्यासवरल्या बाईने कागद वाचायला नको का? नको कसा, हवाच. भाची चुकली, हे मी तिच्या तोंडावर सांगितले. पण सही तिने केली, मोतीने नव्हे. तिच्या चुकीपायी ओढून नेला जाणार होता तो. मोटार ओढून नेली तर ती दारात उभी राहून रडत नाही. दुसरे शहाणे म्हणतात, गरिबाने मग कुत्रा पाळूच नये काय? अहो, जरूर पाळावा! हप्त्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते जिवाला तारण ठेवण्याशी.

कॅलिफोर्नियाच्या कायद्याने नेमके हेच ओळखले. २०१७ साली तो झाला. १ जानेवारी २०१८ पासून कुत्र्या-मांजराची मालकी हप्त्यांवर टांगून ठेवणारा नवा करार तिथे रद्दबातल. घरी नेणाराच मालक, वर भरलेले पैसेही परत. विनातारण कर्जाला मात्र मोकळीक. नेवाडानेही त्याच वर्षी बंदी घातली, न्यूयॉर्कने २०१८ साली. पण चोर वाट बदलतो. म्हणून कॅलिफोर्नियाला २०२२ साली आणखी एक कायदा करून, इंटरनेटवरून कुत्री, मांजरे, ससे विकणाऱ्यांना गिऱ्हाइकासाठी कर्ज जुळवून देण्याचीही मनाई करावी लागली. साऱ्या अमेरिकेला लागू होणारी बंदी मात्र नाही. एका राज्यात जो करार कागदाचा कपटा, तोच दुसरीकडे पक्का.

आपणही उगाच नाके मुरडू नयेत. मात्र आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे ६० वे कलम जरूर वाचावे. शेतकऱ्याला पोट भरण्यासाठी लागणारी गुरे डिक्रीच्या जप्तीतून त्यात वगळली आहेत. बैल गेला तर माणूस उपाशी मरेल, एवढे इंग्रजी अमदानीतल्या कायद्यालाही कळत होते. मोती नांगर ओढत नाही, दूध देत नाही. तो संध्याकाळी दाराशी बसून धाकटीची वाट पाहतो. तेवढ्याला कायद्याच्या लेखी काही मोल असावे की नाही?

नवा कायदा भाचीच्या कामी आला नाही. तिची सही आधीची. २०१८ साली तिने शेवटचा हप्ता आणि वरचे २५० डॉलर भरले, तेव्हा मोती तिचा झाल्याचा कागद आला. त्यात मोतीला 'मालमत्ता' म्हटले आहे. भाचीने तो जपून ठेवला होता, पण त्याचा एक कोपरा मोतीने चावून टाकला.